वेस्लीची हनुवटी

डबा हलला तसा कॉरिनने बाबागाडीचा ब्रेक पायाने पुन्हा एकदा दाबून पाहिला. पिट्सबर्गच्या कड्यावर रुळांवरून दोराने ओढला जाणारा तो जुना लाकडी डबा तिला काही भरवशाचा वाटत नव्हता.

"काही होत नाही," समोरच्या बाकावरून ब्रियाना म्हणाली. "शाळेला दांडी मारून मी यातच बसून राहायचे. वर, खाली, वर, खाली."

कॉरिन हसली.

मधे बाबागाडीत वेस्ली पायातला मोजा ओढत बसला होता. तीन दिवसांचा असताना ब्रियानाने त्याला कॉरिनच्या ओटीत घातलं होतं. दत्तक, सगळं रीतसर. ब्रियाना तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आता पोरगं बसायला लागलं होतं, आणि मधल्या काळात तिने त्याला पाहिलं नव्हतं. भेटीचं कॉरिननेच फोन करून विचारलं होतं. ओहायोहून इथवर येताना तिचा नवरा वाटेत एकच वाक्य बोलला होता, "तिने परत मागितला तर?" तसं मागता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरीही तो हॉटेलातच थांबला.

ब्रियानाने अजून बाळाला हात लावला नव्हता. तिचे दोन्ही हात जाकिटाच्या खिशात होते.

डब्यात एक म्हातारीही होती. शुक्रवार होता, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस; मांस वर्ज्य, पण मासे चालतात. वरच्या चर्चमध्ये मासे तळायला निघाली होती. मघापासून ती बाळाकडे टक लावून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"काय गं पोरी," ती ब्रियानाला म्हणाली, "स्वतःच्या डोक्यावर एवढी मोठी टोपी, आणि लेकराचे कान उघडे? बघ कसे लालेलाल झालेत!"

ब्रियानाने चटकन आपली टोपी काढली आणि ती तशीच हातात धरून बसली. कॉरिनने पिशवीतली छोटी टोपी काढून वेस्लीच्या कानांवर ओढली.

"हां, आता कसं!" म्हातारी ब्रियानाला म्हणाली. "हनुवटी तर बघ, अगदी तुझीच उचललीय. मधे खळी नि सगळं. नाकारायला जागाच ठेवली नाही पठ्ठ्याने."

"आई ह्या आहेत त्याच्या," ब्रियाना म्हणाली.

म्हातारीने कॉरिनकडे पाहिलं, मग पुन्हा ब्रियानाकडे. "मग तू कोण?"

डबा करकरत वर चढत होता. ब्रियाना खिडकीबाहेर बघू लागली.

"घरचीच आहे," कॉरिन म्हणाली.

"तेच म्हणते मी," म्हातारी म्हणाली. "रक्त काय लपतंय होय!"

वर पोचल्यावर म्हातारी चर्चच्या रस्त्याला लागली. या दोघी कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली नद्या, त्यांवरचे पिवळे पूल, आणि नदीवरून येणारा बोचरा वारा.

"घेऊ?" ब्रियानाने विचारलं.

कॉरिनने पट्टे सोडले आणि बाळ तिच्या हातात दिलं. दिलं, आणि स्वतःचे हात कोटाच्या खिशात घातले. ते बाहेर येऊ नयेत म्हणून मुठी आवळल्या.

वेस्लीने ब्रियानाचं तोंड नीट निरखलं. तिची बट धरून पाहिली. ब्रियाना श्वास रोखून उभी होती. मग त्याचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, आणि त्याने भोकाड पसरलं.

"रडू दे थोडा वेळ," कॉरिन म्हणाली. "होईल गप्प. फिरव जरा."

ब्रियाना त्याला खांद्याशी घेऊन कठड्याच्या कडेने फिरली. पाठ थोपटली. कानाशी काहीतरी पुटपुटली. त्याचा आवाज चढतच गेला. पाठीची कमान करून, दोन्ही हात पसरून, तो मागे कॉरिनकडे झेपावत होता.

"घ्या," ब्रियाना परत येऊन म्हणाली. "तुम्हाला शोधतोय."

कॉरिनकडे येताच तो थांबला. दोन हुंदके दिले, आणि तिच्या मानेत तोंड खुपसून पडून राहिला.

ब्रियाना त्याच्या पाठीकडे बघत होती. "दवाखान्यातही असाच रडायचा," ती म्हणाली. "नर्स माझ्याकडे आणून द्यायच्या, मग गप्प व्हायचा."

कॉरिनने बाळाची टोपी सारखी केली. "या वयात सगळीच पोरं रडतात गं. अनोळखी..." आणि तिने जीभ चावली.

"अनोळखीच ना," ब्रियाना म्हणाली. "बरंय. मला भीती होती, ओळखेल म्हणून."

तिने बाहीने नाक पुसलं. कॉरिनने एका हाताने तिचा दंड धरला. ब्रियानाने तो धरू दिला, पण जवळ आली नाही.

परत निघायची वेळ झाली. कॉरिन वेस्लीला बाबागाडीत ठेवायला वाकली, तर तो कोटाची कॉलर सोडेना. ओढलं तसा पुन्हा कुरकुरू लागला.

"असू दे, कडेवरच घ्या त्याला," ब्रियाना म्हणाली. "गाडी मी आणते."

ती बाबागाडी ढकलत पुढे निघाली. कॉरिन बाळाला घेऊन चार पावलं मागे राहिली, आणि मग मागेच चालत राहिली. झाडांच्या मुळांनी फुटपाथच्या फरशा जागोजागी उचलल्या होत्या. प्रत्येक फरशीपाशी ब्रियाना थांबत होती, पुढची चाकं अलगद उचलत होती, आणि धक्का लागू नये अशा बेताने ती रिकामी गाडी पलीकडे टेकवत होती.