करिश्माचं पदक

परिपाठ संपताना हेडसरांनी नाव पुकारलं, "करिश्मा काळे, पुढं ये!"

पारधी वस्तीवरची करिश्मा उलट दिशेनं पळाली, वर्गातून दप्तर घेऊन आली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं ते सरांच्या पायापाशी पालथं केलं. शाळेत कुणाचं काही हरवलं की पहिली झडती तिच्याच दप्तराची, हे आता तिला सांगावं लागत नव्हतं.

वह्या पडल्या, डबा गडगडला. पोरं खदाखदा हसली.

"अगं येडे, तालुक्यात धावण्यात पहिली आलीस तू!" म्हणत सरांनी तिच्या गळ्यात पदक घातलं. मग टाळ्याही झाल्या.

करिश्मानं पदक काढलं आणि सरांच्या हातात परत दिलं.

"सर, हे शाळेतच राहू द्या."

"का गं? आईला दाखवायचं नाही?"

"पोलिसांनी पाह्यलं तर मंग?" खाली बसून वह्या गोळा करता करता ती म्हणाली. "ज्या सायकलीपायी माझ्या भावाला चोर म्हणून रिमांड होममधी नेलं, ती बी त्याला हसनाबादच्या शर्यतीत बक्षीसच मिळाल्ती."