निळसर मिरीचा ठसका

“मावशी, ही निळसर मिरी फोडणीत चिमूटभरच घाला, नाहीतर घरभर ठसका लागेल,” मसालेवाला म्हणाला.

“घरभर म्हणजे कोणाला रे? मी एकटीच तर असते,” निवृत्त नर्सबाई हसल्या.

दुपारी त्यांनी बरणीतली चिमूटभर पूड तापल्या तेलात टाकली. त्यांना साधी शिंकही आली नाही. आतल्या बंद खोलीत मात्र कोणीतरी खोकलं.

नर्सबाईंचा हात थबकला. जन्मभर त्यांनी नुसत्या खोकल्यावरून माणसं ओळखली होती. हा खोकला ओळखीचा नव्हता. पण गेल्या दोन वर्षांत या घरात त्यांच्याशिवाय कोणी खोकलंच नव्हतं.

त्यांनी बरणी पुन्हा उघडली आणि आणखी चिमूटभर टाकली.

या वेळी खोकला अगदी पाठीमागून आला, आणि जेवणाच्या टेबलाची दुसरी खुर्ची कोणीतरी ओढून घेतली.