नववं पाखरू

“पंखा बंद कर,” सुतार बायकोला म्हणाला. “माझं पाखरू उडून जाईल.”

करंगळीच्या नखाएवढं सोन्याचं नाणं त्याने टेबलावर ठेवलं. टांकसाळ दर वर्षी त्यावर नवं पाखरू काढायची आणि दर वर्षी विक्रीच्या पहिल्याच दिवशी हा टांकसाळीच्या दुकानासमोर हजर. हे नववं. बायकोच्या कानात मात्र अजून खोटेच डूल होते, आणि ते ऐकवायची एकही संधी ती सोडत नसे.

आज तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. नाण्याच्या दिवशी तो खुशीत असतो, आणि तिला मुलीचा विषय काढायचा होता.

मुलीला घर सोडून दहा वर्षं झाली होती. बापाच्या हाताखाली कोरीवकाम शिकली आणि त्याचा कारखाना सांभाळायची वेळ आली तेव्हा नको म्हणाली. बाप भडकला, “पुन्हा उंबरा चढू नकोस” म्हणाला. तेव्हापासून या घरात तिचं नाव निघालं नव्हतं. आई तिच्याशी चोरून फोनवर बोलायची. नवऱ्याने विचारलंच, तर “मैत्रीण.” काल मुलीने विचारलं होतं, “रविवारी येऊ का गं घरी?” आईला रात्रभर झोप नव्हती.

सुताराने भिंग डोळ्याला लावलं. पाखरू एका ओंडक्यावर बसलं होतं.

“लाकडाच्या रेषा बघ. कोरणाऱ्याने कधीतरी रंधा मारलेला दिसतोय.”

“मशीनवर होतं हो सगळं,” ती घाईने म्हणाली.

“आधी कुणीतरी हाताने नमुना कोरतं. डावा पंख फार खोल गेलाय. दर वर्षी जातो.”

“मग कशाला घेता दर वर्षी?”

नाणं कडेने धरून त्याने डबीत बाकीच्या आठांशेजारी ठेवलं आणि झाकण लावलं.

फोन वाजला. ती तो घेऊन स्वयंपाकघराकडे वळली. विचारायचं तर आत्ताच, पण जीभ उचलेना. “अजून धीर नाही झाला गं,” ती कुजबुजली. तिला रडूच येत होतं.

“मैत्रीण ना?” तो मागून म्हणाला. डबी बंद झाली होती, तरी भिंग डोळ्यालाच होतं.

“हो.”

“तिला म्हणावं, डाव्या बाजूला तुझा हात अजून जड पडतो. लहानपणापासून सांगतोय. घरी ये म्हणावं, परत शिकवतो.”