ओढून पाहिलेली वायर

म्हैस पाण्याच्या मोटरीला टेकली आणि पडली, ती उठलीच नाही. नीलेशने धावत जाऊन मेन स्विच पाडला. म्हशीच्या तोंडात गवताची काडी तशीच होती.

केरूने मुलालाच धारेवर धरलं. मागच्या सुट्टीत मुंबईहून आला तेव्हा मोटर नीलेशनेच बसवली होती.

"तिकडं लिफ्टा दुरुस्त करतोस, का नुसता वर-खाली जातोस रे?"

नीलेशने मान वर न करता मोटर उघडली. आतली एक वायर घासून मोटरीच्या अंगाला लागली होती. पण तसं झालं तरी करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा होता, फ्यूज उडायला हवा होता, असं तो पुटपुटला.

अर्थिंगचं नाव निघताच केरूची बायको विठाबाई सुनेच्या, ज्योतीच्या बाजूने उभी राहिली. ते तिनेच जोडलं होतं. महाडच्या कारखान्यात ती दिवसभर हेच करायची. वायरच्या टोकावर तांब्याची नळीसारखी लग चढवायची, क्रिंपिंगच्या टूलने दाबायची, ओढून पाहायची.

केरूने अर्थिंगची हिरवी वायर दोन्ही हातांनी ओढली. लगमधून ती तसूभर हलली नाही.

"बघ. ह्याला काम म्हंतात."

ज्योती वाकली. लगच्या दुसऱ्या बाजूने वायरचं टोक जरासं डोकावत होतं. तांब्याभोवती हिरवं प्लास्टिक, अगदी टोकापर्यंत. आतलं तांबं लगला कुठेच लागलं नव्हतं.

कारखान्यात वायर तिच्या हातात यायची ती सोललेलीच. सोलायचं टेबल वेगळं. त्या दिवशी नीलेशने वायर कापून दिली, तिने चढवली, दाबली, ओढून पाहिली. मोटर चालू झाली, पाणी आलं. अर्थिंग नाही, हे पाण्याला कळत नाही.

ती तोंड उघडणार तोच विठाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तू कशाला घाबरतेस गो? त्याच दिवशी अंगणवाडीच्या मोटरीला पण तूच जोडलंस ना? तिथं तर पोरं हात धुतात. काय झालं काय?"

खालच्या वाडीत, अंगणवाडीकडून, मोटर सुरू झाल्याचा आवाज आला.

ज्योती अनवाणीच उताराने पळत सुटली. मागे केरू अजून ती हिरवी वायर ओढून नीलेशला दाखवत होता. वायर निघत नव्हती.