फिरवलेलं गाऱ्हाणं

“आणि नवरा-बायकोचं? जवळ येता का?”

डॉक्टर पद्मजांनी हे ‘मीठ किती खाता?’ या प्रश्नाच्याच आवाजात विचारलं. खाटेवर पडलेल्या शीतलचा डावा हात डायलिसिसच्या मशीनला जोडलेला होता, त्यामुळे तोंड लपवायला तिच्याकडे एकच हात उरला होता. स्टुलावर बसलेला तिचा नवरा शिवदास मशीनकडे टक लावून बघायला लागला. मुलुंडच्या निम्म्या सोसायट्यांच्या लिफ्ट तो दुरुस्त करायचा. मशीनकडे बघितलं की माणसांकडे बघावं लागत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

“सगळ्यांनाच विचारते मी,” असं म्हणत डॉक्टरांनी पडदा ओढून घेतला. “किडनीच्या आजारात बायकांची इच्छा कमी होते, कोरडेपणा येतो, दुखतं. कोणी तोंड उघडत नाही. यावर औषधं आहेत, मलमं आहेत. बंदी कसलीच नाही. फक्त या हातावर भार यायला नको. आणि पाळी मागेपुढे झाली तरी दिवस राहू शकतात, त्याची काळजी घ्यायची. आता बोला.”

शीतलने मोकळा हात डोळ्यांवर धरला. “दुखायचं, ते खरं आहे मॅडम. पण म्हणून शेजारीसुद्धा झोपू नये? हॉलमध्ये चटई टाकून झोपतात हे. माझा हात बघा ना, शिरा कशा फुगल्यात. अंगाला औषधांचा वास येतो. मला काय कळत नाही? किळस येते त्यांना माझी.”

“शीतल!” शिवदास स्टुलावरून उठलाच.

“मग बोला की. आज मॅडमसमोर बोला.”

तो बोलला, पण मशीनकडे बघूनच. तिला पहिल्यांदा मशीनला लावलं, त्याच आठवड्यात तो कोकणात गावी जाऊन आला होता. गावच्या देवळात पूजा करणाऱ्या धोंडूकाकांकरवी त्याने देवाला गाऱ्हाणं घातलं होतं: बायकोची किडनी बरी होईपर्यंत मी खाटेवर झोपणार नाही, तिला शिवणार नाही.

“मला वाटलं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे,” तो म्हणाला. “कावीळ बरी होते, तशी ही पण होईल. मग इथे कळलं, की हे आता असंच चालणार. पण शब्द तर देऊन बसलो ना. आता मोडला आणि हिला काही झालं तर? किळस कसली मॅडम! ही झोपली की दारात उभा राहून बघतो, श्वास चालू आहे ना.”

शीतलने डोळ्यांवरचा हात काढला. हसावं की नवऱ्याला एक ठेवून द्यावी, तिला कळेना. इतके महिने तिने लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले होते, साबणाने अंग घासघासून काढलं होतं. छातीवरचा धोंडा उतरला होता. ती रडली, आणि रडता रडताच भडकली.

“देवळात घातलंत? म्हणजे सगळ्या गावाला माहीत, आणि मलाच नाही?”

“सगळा गाव नव्हता गो. मोजकीच माणसं होती.”

“तरीच गेल्या जत्रेत बायका माझ्याकडे बघून हळहळत होत्या! मला वाटलं, आजारपणामुळे.”

डॉक्टर पद्मजांनी खोकल्याचं निमित्त करून हसू गिळलं. “हे बघा, देवाशी बोलायचं औषध माझ्याकडे नाही. बाकीचं आहे, ते लिहून देते.”

“देवाचं मी बघते,” शीतल म्हणाली. “अहो, काकांना फोन लावा. घातलेलं गाऱ्हाणं फिरवून घालता येतं.”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“तिथे गावासमोर घातलंत, तेव्हा नाही लाज वाटली? लावा. स्पीकरवर.”

धोंडूकाका नेमके देवळातच होते, पूजा आटोपून एकटेच बसलेले. शिवदासने अडखळत कशीबशी सगळी हकीकत सांगितली.

“अरे येड्या,” काका म्हणाले. “देवान सांगितल्यान काय तुका, बायलेक वाळीत टाक म्हणान? थांब आता. हात जोड.”

शिवदासने फोन शीतलच्या उशाशी ठेवला आणि हात जोडले. काकांनी घसा साफ केला.

“हे बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान अजाणपणी जा काय सांगणा केल्यान, ता तुज्या पायाशी ठेव. तेका मोकळो कर. आजपासून दोघांका एका खाटीर सुखान नांदांदे म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी हुंकार द्यायचा असतो, तेव्हा कुठे ते देवापर्यंत पोचतं. देवळात काकांशिवाय कोणीच नव्हतं. ते थांबले. शिवदासने तोंड उघडलं, पण गळ्यातून आवाजच फुटेना. डोळ्यांना मात्र धार लागली होती.

“अरे, व्हय म्हाराजा कोण म्हणतलो?” फोनमधून काका ओरडले.

“व्हय म्हाराजा!” शीतल म्हणाली, आणि इतक्या मोठ्याने म्हणाली, की पडद्यापलीकडच्या खाटेवर झोपलेल्या आजोबांनी झोपेतच मोकळा हात कपाळाला लावला.