कार्ड मारून आजारी

धुलाई कारखान्याच्या दारातल्या घड्याळात मावशीने आपलं कार्ड सरकवलं. खट्. आठला दोन मिनिटं कमी. मग ती हजेरी कारकुनाच्या खिडकीशी आली. डोक्याला स्कार्फ गच्च बांधलेला, डोळे लाल, आवाज पार बसलेला.

"भाऊसाहेब, मी आजारी आहे. रजा घ्यायला आले."

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "रजा घ्यायला? तापात दोन बस बदलून?"

"मग आजारी आहे हे लिहिणार कुठे? कार्ड तर इथे असतं."

तिचं तरी काय चुकलं? एकोणीस वर्षं ती हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करत होती, आणि कार्डावर उमटला तेवढाच तिचा दिवस. ताप आला तर घरी राहून त्या दिवसाच्या पगारावर पाणी सोडायचं, नाहीतर गोळी गिळून इस्त्रीपाशी उभं राहायचं. मावशी उभी राहायची. सोमवारी फळ्यावर कागद लागला, की तासावर काम करणाऱ्यांनाही आता आजारपणाची भरपगारी रजा मिळेल. तेव्हापासून चाळीसच्या चाळीस बायका अगदी ठणठणीत होत्या. कागद खरा की नुसता दाखवायचा, हे आधी दुसऱ्या कुणीतरी बघावं, असं प्रत्येकीला वाटत होतं.

"अहो मावशी, नुसता फोन करायचा," भाऊसाहेब म्हणाले. "मी तेच करतो. अंगात कणकण वाटली की फोन करतो आणि झोपतो."

"आणि खरं मानतात?"

"मानतात की."

"कार्ड न मारता?"

"मला कार्डच नाही. मी महिन्याच्या पगारावर."

मावशीला राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. भाऊसाहेब मात्र उगाच टेबलावरचे कागद चाळायला लागले. गेल्या आजारपणात त्यांनी घराच्या सगळ्या खिडक्या रंगवून काढल्या होत्या.

शेवटी त्यांनी तिचं कार्ड पुढे ओढलं आणि आजच्या रकान्यात सावकाश लिहिलं, 'आजारी. आठ तास.' खाली सही केली, वर शिक्काही मारला.

कार्ड मावशीच्या हातात टिकलंच नाही. इस्त्रीच्या टेबलांवरून ते हातोहात फिरलं. धुण्याच्या मशीनवरच्या बायकांनी आधी हात कोरडे केले, मग ते धरलं. एकीने मोठ्याने वाचलं, तर बाकीच्यांनी तिला पुन्हा वाचायला लावलं.

"पुरते आठ?" घड्या घालणारीने विचारलं.

"पुरते आठ. शिक्का आहे."

सगळ्यांना इतका आनंद झाला होता की मावशीच्या तापाची विचारपूस करायचंच राहून गेलं. मग आठवण झाली आणि एकदम चौघी तिला बसपर्यंत सोडायला निघाल्या.

"मावशी, नीट आजारी पडा हं," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्हा सगळ्यांच्या वतीने."

पाचला भोंगा झाला. कार्ड मारायला रांग लागली, तेवढ्यात भाऊसाहेबांचा फोन वाजला. पलीकडे मावशी आहे हे कळल्यावर रांग हलेना, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"भाऊसाहेब, सकाळपासून पडून आहे हो," बसलेला आवाज म्हणाला. "इकडची काडी तिकडे केली नाही. औषध घ्यायला तेवढी उठले, तेही जेवणाच्या सुट्टीत."

"बरं केलंत. ताप उतरला का?"

"उतरला मघाशीच. पण पाच वाजले ना? आता उठू का?"