गाडीचे पट्टे

मागचे पाय लुळे पडलेला खंड्या कुत्रा प्राणिनिवाऱ्यातून वृंदाताईंकडे तात्पुरता आला, तेव्हा फरशीवर फरफटत फिरायचा. त्यांनी रोज मालीश केलं, चाकांच्या गाडीला बांधून त्याला पळवलं. त्या पळण्याचा व्हिडिओ पाहून एका जोडप्यानं त्याला कायमचं घर देऊ केलं.

ते न्यायला आले, तेव्हा ताईंनी मोठ्या कौतुकानं गाडीचे पट्टे सोडले. खंड्या लटपटत, पण चारही पायांवर त्या जोडप्याकडे चालत गेला.

त्यातल्या मोबाईल रोखून उभ्या असलेल्या तरुणीचा चेहरा पडला. "हा तर बरा झालाय. काकू, आमच्या चॅनेलला गाडीवालाच हवा होता. दुसरा आहे का कुणी, बरा न होणारा?"

खंड्या तिची पावलं चाटत होता.

"तेवढीच दोन पावलं टाकतो हो, मग पडतो," ताई म्हणाल्या आणि खाली बसून पट्टे पुन्हा आवळू लागल्या.